खारा वारा घाट चढतो तेव्हा

गेली अठरा वर्षं मी रत्नागिरीत शाळेत भूगोल शिकवते. दर वर्षी फळ्यावर तीच आकृती काढते. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन. दिवसा बाण जमिनीकडे, रात्री समुद्राकडे. खारे वारे आणि मतलई वारे. मुलं घोकतात, दोन गुण मिळवतात. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात शिल्लक रजा टाकून सहा दिवस कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला गेले आणि त्या आकृतीतला दिवसाचा बाण पहिल्यांदा अंगावर घेतला.

उडायची ओढ दोन वर्षांपूर्वी लागली. एका पर्यटनस्थळी पैसे भरून टँडेम घेतलं होतं, म्हणजे वैमानिक मागे आणि आपण त्याच्या पुढे बांधलेले. हेल्मेटचा पट्टा तुटलेला होता, तो गाठ मारून माझ्या हनुवटीखाली बांधला. रिझर्व्ह पॅराशूट आहे का, असं विचारलं तर त्या माणसाने उत्तरच दिलं नाही. हवेत मी सहा मिनिटं होते. तेवढ्यात उडण्यावर जीव जडला, आणि माणसाचा जीव असा गाठीवर टांगणाऱ्यांचा संतापही आला. पुन्हा उडायचं तर दोऱ्या आपल्या हातात हव्यात, हे तेव्हाच ठरवलं.

शनिवार

रात्रीच्या एसटीने पहाटे पुण्यात उतरले. भाचा चिंचवडला नोकरी करतो, तो लोकलमधे भेटला. त्याने हा कोर्स गेल्या वर्षी केला असून आता स्वतःची जुनी विंग घेतली आहे. तळेगाव, वडगाव, कान्हे आणि मग कामशेत. नऊच्या आत आम्ही माळावर होतो.

पहिला दिवस सगळा जमिनीवर गेला. विंग म्हणजे पॅराग्लायडरचं कापड. हातात घेतलं तर छत्रीच्या कापडासारखं, पण करकरीत. पसरलं की पंचवीस-सव्वीस चौरस मीटर, आणि वजन जेमतेम पाच किलो. त्याला हाड नाही, काठी नाही. पुढच्या कडेला एका ओळीत तोंडं उघडी असतात, त्यांतून वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि त्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. वारा आहे तोवरच पंख, नाहीतर चादर.

शिकवणारा दादा मावळातलाच, शेतकऱ्याच्या घरचा. लहानपणी उडायला आलेल्यांच्या पिशव्या डोंगरावर वाहून नेता नेता हा स्वतः वैमानिक झाला. त्याने आधी तासभर फक्त दोऱ्या तपासायला लावल्या. विंग घोड्याच्या नालेच्या आकारात अंथरायची, प्रत्येक दोरी मोकळी करायची, कुठे काडी अडकली आहे का ते बोटांनी चाचपायचं. एका दोरीत बाभळीचा काटा निघाला. दादाने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ताई, हा वर गेल्यावर दिसला असता तर?" एवढंच म्हणाला.

मग फुगवणं. हार्नेस, म्हणजे विंगला जोडलेली पट्ट्यांची बैठक, अंगात घालून वाऱ्याकडे तोंड करायचं, पुढचे पट्टे हातात घेऊन चालायला लागायचं. मागून विंग डोक्यावर येते. येते म्हणजे मला सकाळभर आलीच नाही. कधी डावीकडे पडली, कधी उजवीकडे. पतंग उडवलेल्या माणसाचा हात सवयीने उलट्या बाजूला ओढतो. इथे नेमकं तेच करायचं नसतं. विंग डावीकडे कलली की आपण पळत डावीकडे, तिच्या खाली जायचं. दुपारी एकदा ती डोक्यावर येऊन थांबली. वर पाहिलं तर कापडातून ऊन झिरपत होतं, आणि खांद्यांवरचं सगळं ओझं नाहीसं झालं होतं. दहा-बारा पावलं तशीच चालले.

दीडच्या सुमाराला वारा पडला. पंधरा मिनिटं एक पान हललं नाही. मग माळावरचं वाळकं गवत पश्चिमेकडून झुकायला लागलं. सकाळभर पूर्वेकडून येणारा वारा फिरला होता. दादा म्हणाला, "आला कोकणातून." मी आईला फोन लावला. तिने सांगितलं, अकरापासून दोरीवरचे कपडे उडतायत. रत्नागिरीचा वारा काही सरळ कामशेतला येत नाही. इथे चढतो तो पेण-अलिबागकडचा. पण किनाऱ्यावर सकाळी उशिरा सुरू झालेला वारा घाटमाथा ओलांडून इथे पोचायला दुपार होते, हे फळ्यावर कधी नीट सांगितलं नव्हतं.

रविवार

आज पाय सुटले. माळाचा उतार चार मजली घराएवढा उंच, खाली भात निघून गेलेली खाचरं. वॉकीटॉकी छातीवर बांधलेला, दादा खाली खाचरात उभा. "ताई, पळा. पळा. पळत राहा." इतकाच धडा. सगळे शिकाऊ एकच चूक करतात, मीही केली: पाय जमिनीवरून उचलले गेले असं वाटताच खुर्चीत बसावं तशी हार्नेसमधे बसले. विंगने अजून पुरतं वजन घेतलेलं नव्हतं. दोन्ही गुडघे खरडले. दुसऱ्या वेळी पाय हवेत असतानाही पळत राहिले आणि उतार माझ्याखालून निघून गेला. दहा सेकंद असतील. खाली येताना दादाचा आवाज, "आता. दोन्ही ब्रेक खाली, पूर्ण." ब्रेक म्हणजे विंगच्या मागच्या कडेला बांधलेल्या दोन दोऱ्या. त्या शेवटच्या क्षणी खाली ओढल्या की विंग हवेतच थबकते आणि पाय पायरीवर ठेवावे तसे जमिनीवर टेकतात. याला फ्लेअर म्हणतात.

अशा सात उड्या मारल्या. खाचरांत उतरायचं तर बांध लक्षात ठेवावे लागतात. वरून सगळं सपाट दिसतं, आणि गुडघाभर उंचीचा बांध घोटा मोडू शकतो. इकडचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो, पण इंद्रायणी भात उभं असेपर्यंत खाचरांत पाय ठेवायचा नाही, असा इथला शिरस्ता. रान शेतकऱ्याचं, आपण पाहुणे. ही गोष्ट मला फार आवडली.

संध्याकाळी दादाने ओट्यावर बसून इतिहास सांगितला. जर्मनीत ओटो लिलिएंथाल नावाच्या इंजिनिअरने 1894 मधे बर्लिनजवळ स्वतःसाठी टेकडी बांधून घेतली होती, 15 मीटर उंचीची. म्हणजे आज मी जिथून उड्या मारल्या जवळजवळ तेवढीच. विलोच्या काठ्यांच्या आणि कापडाच्या पंखांना लटकून, अंग पुढे-मागे झुलवून तो ते चालवायचा. अशी दोनेक हजार उड्डाणं त्याने केली. 9 ऑगस्ट 1896 ला दुसऱ्या एका टेकडीवरून उडताना पंखाने हवा सोडली, तो खाली आदळला, मान मोडली आणि दुसऱ्या दिवशी गेला. पंखाने हवा सोडणं म्हणजे स्टॉल. वेग फार कमी झाला की होतं. "म्हणून ब्रेक हातात आहेत तर सारखे ओढत बसायचं नाही," दादाने जोडून दिलं. "विंगला पळू द्या."

सोमवार

टॉवर हिल. पश्चिमेला तोंड करून उभा असलेला डोंगर, समोर लोहगड-विसापूरची जोडी. अडीचला वर पोचलो आणि सहापर्यंत नुसते बसलो. वारा मोजायच्या यंत्रात 31 आकडा, ताशी किलोमीटर. आमच्या विंगची स्वतःची चालच 36-37 आहे. समोरून 31 चा वारा असेल तर पुढे सरकायला काय उरलं? त्यात झुळूक चढली तर उलट मागे ढकलले जाणार, डोंगरामागच्या भोवऱ्यात. नदीतल्या खडकामागे पाणी जसं गरगरतं तशी तिथली हवा असते. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो.

बसल्या बसल्या वारा वाचायला शिकलो. मावळात या दिवसांत शेतकरी राब भाजतात. रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवतात, म्हणजे पावसात तिथे रोप चांगलं येतं. त्या धुराइतका प्रामाणिक वारा सांगणारा दुसरा कोणी नाही. धूर आडवा, जमिनीलगत पळत असेल तर वारा जोराचा. तिरका चढत असेल तर बरा. एका शिवारात पूर्वेला आणि शेजारच्या शिवारात दक्षिणेला जात असेल तर घरी जायचं. दादा धुराकडे बघत बघत पंधरा-पंधरा मिनिटं बोलायचा नाही, आणि मला वर्गात इतकं गप्प राहणं कधी जमलेलं नाही.

ढगांबद्दलही बोलणं झालं. 2007 च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात मॅनिलाजवळ एवा विश्निएर्स्का ही जर्मन पॅराग्लायडर वादळी ढगाने वर ओढून घेतली. 9,900 मीटरच्याही वर, एव्हरेस्टपेक्षा उंच. तिथे ती बेशुद्ध होती, अंगावर बर्फ साचला होता, आणि तरीही ती जिवंत खाली आली. त्याच दिवशी तसाच ओढला गेलेला चीनचा एक वैमानिक वाचला नाही. एवा त्या खेळातली मुरलेली होती. ढग नवखा-जुना बघत नाही.

मंगळवार

सकाळी बेडसे लेण्यांत जाऊन आलो. चैत्याच्या दारातले ते उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावरचे घोडे-हत्ती यांच्यावर वेगळं लिहायला हवं. इथे नाही.

दुपारी भाचा मला एका काकांकडे घेऊन गेला. पंचाहत्तरी ओलांडलेले, कारखान्यातून निवृत्त, आता शेतघरात राहतात. गोठ्याच्या तुळईला त्यांचा हँग ग्लायडर टांगलेला आहे. गुंडाळलेला असला तरी पाच-सहा मीटर लांब, गादीसारखा जाडजूड. उलगडायला आम्हा तिघांना अर्धा तास लागला. ॲल्युमिनियमच्या नळ्या, मधोमध कणा, आडवी दांडी, वर डेक्रॉन नावाच्या जाड कापडाचं शीड. आता पिवळट पडलंय, पण टाक्यांपैकी एकही उसवलेला नाही. शिडात शिरणाऱ्या बारीक कामट्या काकांनी एकेक पुसून, खुणेप्रमाणे लावल्या. डावी एक, उजवी एक. वजन तीस किलो.

याचा पंख अमेरिकेतल्या फ्रान्सिस रोगॅलोच्या डोक्यातून निघाला. 1948 मधे त्याने आणि त्याची बायको गर्ट्रूड हिने घरच्या पडद्याच्या कापडावर प्रयोग केले. नंतर अवकाशयानं परत उतरवायला हा पंख चालेल का, हे नासाने तपासून पाहिलं. 1963 मधे ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने त्याला खाली त्रिकोणी चौकट जोडली. माणूस मधे लटकतो आणि चौकटीची दांडी धरून अंग सरकवतो. अंग डावीकडे गेलं की ग्लायडर डावीकडे. सुकाणू नाही, पेडल नाही. अशाच पंखांना पुढे कोणी इंजिन लावलं आणि त्यातून अल्ट्रालाइटची, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानांची, एक जात निघाली. आपल्याकडे त्यांना मायक्रोलाइट म्हणतात, आणि ते उडवायचं तर नोंदणी आणि परवाना दोन्ही लागतात. काकांना इंजिनाचा मोह कधी झाला नाही. कान मोकळे राहिले पाहिजेत, असं त्यांचं मत.

"बाई, या. झोपा याच्यात," काका म्हणाले. मला हार्नेस चढवला, पट्टा कण्याला अडकवला, भाच्याने पुढून ग्लायडरचं नाक धरलं, आणि मी पालथी तरंगले. पोट जमिनीपासून दोन वीत वर. दांडी हातात, समोर गोठ्याचा उंबरा. काकांनी वाकून माझ्या पाठीवरचं कडं हाताने ओढून पाहिलं, मग पट्टा, मग पुन्हा कडं. प्रत्येक उड्डाणाआधी हे करायचंच, याला हँग चेक म्हणतात. हँग ग्लायडिंगमधे माणसं जी गेली त्यांतली काही एवढ्यामुळे गेली: ग्लायडर खांद्यावर घेऊन कड्यावरून पळाली, आणि पट्टा अडकवायचा राहिला होता. जमिनीवर उभं असताना अडकवलेलं आणि न अडकवलेलं सारखंच वाटतं. "माझा एक मित्र," काका म्हणाले, आणि पुढे बोलले नाहीत. कडं मात्र तिसऱ्यांदा ओढून पाहिलं.

हँग ग्लायडर पॅराग्लायडरपेक्षा वेगवान आहे, लांब जातो, आणि नळ्यांच्या सांगाड्यामुळे तो हवेत कापडासारखा मिटत नाही. 2012 मधे टेक्सासात डस्टिन मार्टिनने एका उड्डाणात 764 किलोमीटर कापले. रत्नागिरीहून नागपूर सरळ रेषेत जवळजवळ एवढंच भरेल. पण तो गाडीच्या टपावर न्यावा लागतो, डोंगरावर चढवायला माणसं लागतात. 1978 मधे फ्रान्सच्या मिउसीत तीन पॅराशूटवाले डोंगरावरून पळत सुटून उडाले आणि पाठपिशवीत मावणारा पंख जगाला मिळाला. मग हे असे ग्लायडर तुळयांना टांगले गेले. मला त्याचं मनापासून वाईट वाटलं. शिकायला कोणी उरलं नाही तर कामट्यांवरच्या खुणा कोणाला कळणार?

साडेचारला टॉवर हिलवर वारा 16. माझं पहिलं उंच उड्डाण, दोन मिनिटं चाळीस सेकंद, सरळ खाली. मला त्यातलं फार थोडं आठवतं. दादाचा आवाज आणि माझे पांढरे पडलेले हात.

बुधवार

आजचं सगळं आठवतं.

वारा डोंगराला समोरून धडकतो आणि जायला जागा नाही म्हणून वर चढतो. त्या चढत्या पट्ट्यात राहून डोंगरालगत येरझाऱ्या घालायच्या, याला रिज सोअरिंग म्हणतात. नियम मोजके: वळण नेहमी डोंगरापासून बाहेरच्या बाजूला. समोरून दुसरा आला तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर त्याचा हक्क पहिला, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते. पाच वाजता वारा 18. एकसारखा, रेशमी.

चार पावलं पळाले आणि उचलले गेले. पहिल्या दिवशी ब्रेक मुठीत आवळून धरले होते. आज दोन बोटांत ते नुसते जाणवत होते. कापडाचा प्रत्येक कंप दोरीतून बोटात येत होता. डाव्या बाजूला चढती हवा लागली की डावं बोट आधी सांगायचं, मग शरीराला कळायचं. दोऱ्यांची बारीक शीळ चालू होती. आणि खालचे आवाज! इतके स्पष्ट येतील असं वाटलं नव्हतं. कुत्र्याचं भुंकणं, कुठल्यातरी घरातल्या कुकरची शिटी, रुळांवरून जाणारी गाडी. एका बाईने पोराला दिलेली हाक मला त्या पोराच्या आधी ऐकू आली असेल.

तिसऱ्या फेरीला एक घार माझ्या डाव्या बाजूला आली. पंख पसरलेले, एकदाही हलवले नाहीत. हलत होती ती शेपटी. दुभंगलेली, मातकट तपकिरी, उन्हात कडेला जवळजवळ तांबूस. झुळूक आली की ती शेपटी मनगट वळवावं तशी पिळायची आणि लगेच सरळ. माझ्याकडे तिने एकदा मान वळवून पाहिलं. मग ती थोडी पुढे जाऊन गोल फिरायला लागली आणि बघता बघता माझ्या डोक्यावर गेली. वॉकीटॉकीवर दादा म्हणाला, "ताई, घारीच्या मागे जाऊ नका. तिथे थर्मल आहे. आपल्याला अजून ते नाही." थर्मल म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा. नाही गेले. ती ठिपका होईपर्यंत पाहत मात्र राहिले.

एकोणीस मिनिटं. उतरल्यावर विंग खांद्यावर घेऊन बांधावर बसले, आणि रडू आलं. भाचा पाणी घेऊन आला, शेजारी बसला, काही विचारलं नाही.

गुरुवार

शेवटचा दिवस. रात्रीची एसटी होती, म्हणून लवकर, बारालाच वर गेलो. दादा म्हणाला, "आज मी सांगणार नाही. तुम्ही बघा आणि तुम्ही सांगा."

विंग अंथरली, दोऱ्या तपासल्या, हार्नेस घातला. वारा 14, पश्चिमेचा. आकडा चांगला होता. पण विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारा कापडी मोजा, मधूनच मान टाकत होता आणि मग एकदम उसळत होता. खालच्या खाचरात वावटळ उठली, वाळका पाला पुरुषभर उंच गरगरला आणि विरला. गावाकडचा राबाचा धूर पूर्वेला जात होता, ओढ्यापलीकडचा दक्षिणेला. खारा वारा यायचा होता, सकाळचा पुरता गेलेला नव्हता, दोघांची कुस्ती चालली होती. मी अर्धा तास उभी राहिले. भाच्याने विंग उचलली आणि तो उडाला. जरा हेलकावे खाल्ले, पण चार मिनिटांनी खाली नीट उतरला आणि हात हलवला. त्याचा अनुभव जास्त, त्याचा निर्णय त्याचा.

"काय करू या?" दादाने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो हो किंवा नाही काहीच बोलला नाही. हार्नेसचा पट्टा सोडायला मदत केली, विंगचं दुसरं टोक धरून घडी घालू लागला. मी पिशवीवर लॉगबुक ठेवून लिहिलं: टॉवर हिल, 12:50, पश्चिम 14, अस्थिर, दोन धूर दोन दिशांना. उड्डाण नाही. खाली त्याने सही केली.